शहाणी कंडरा

सावद्यात आता कोणाचंच कोपर दुखत नव्हतं, आणि ईश्वरीकाकू भोळे यांना नेमका त्याचाच संताप होता.

काकू खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, मनगटं उलटी वळवत एवढा वाढवायचा की पोळी कोपरापर्यंत लोंबली पाहिजे. मग ती चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायची. जन्मभर हेच केल्यावर उजवं कोपर बोंबलणारच! त्याला टेनिस एल्बो म्हणतात, मग तुम्ही जन्मात रॅकेट धरलेली नसली तरी. मनगट उचलणारे स्नायू ज्या दोरीसारख्या कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात, ती झिजते, फाटते. पट्टा झाला, व्यायाम झाले, इंजेक्शनं झाली. वर्ष उलटलं तरी काकूंना पाण्याचा तांब्या उचलवेना.

पूर्वी अशा वेळी सर्जन खराब झालेला भाग कापून काढत, हाड थोडं खरवडत आणि पुढचं शरीरावर सोपवत. बहुतेकांना बरं वाटे, काहींना नाही. आता 'शहाणी कंडरा' आली होती. पेशंटच्याच पेशींपासून ती प्रयोगशाळेत वाढवत आणि तिच्यात ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू विणत. हालचाल घातक वाटली की ती क्षणभर लाकडासारखी ताठ होई, म्हणून कधी फाटतच नसे. शिवाय एका कंडरेला जे कळलं, ते बाकी सगळ्यांच्या कंडरांनाही बिनतारी कळे. पुढे दुखायला नको म्हणून धडधाकट माणसंही ती बसवून घेत.

काकूंनी बसवली. दुखणं पळालं. पण पोळी हातावर घेऊन मनगट वळवलं की उजवा हात ठप्प, आणि पोळी जमिनीवर! काकूही हट्टाला पेटल्या. महिनोन्‌महिने तेच वळण घेत राहिल्या, पोळ्या पडत राहिल्या. आखाजीचा, पुरणपोळ्यांचा सण तोंडावर आला तेव्हा त्या तडक डॉक्टर निहार सबनिसांसमोर जाऊन बसल्या.

"ही काढा."

"काकू, हात अगदी निरोगी आहे तुमचा."

"निरोगी आहे हो, पण माझा आहे का? मला न विचारता थांबतो मेला!"

"काढली तर दुखणं परत येऊ शकतं."

"येऊ द्या. दुखत होता तेव्हा निदान माझं ऐकत तरी होता."

"आता मशीनच्या पोळ्याही चांगल्या..."

"मशीनचं नाव काढलंत तर इथेच चूल मांडेन!"

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. कंडरेची मुळं हाडात रुजलेली होती. ती खरवडूनच काढावी लागणार. ऑपरेशन करणारं यंत्र निरोगी भागाला हात लावत नसे. म्हणजे ते डॉक्टरांनाच जुन्या पद्धतीने, स्वतःच्या हातांनी करावं लागणार होतं. काकू खुर्चीवरून हलेनात, तेव्हा ते तयार झाले.

कोपर बधिर केलं. काकू जाग्याच होत्या आणि मधला पडदाही त्यांनी काढायला लावला. डॉक्टरांनी काप घेतला, चमच्यासारखं धारदार हत्यार हाडाला टेकवलं आणि मनगट वळवलं. हात थांबला. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा थांबला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी हत्यार बाजूला ठेवलं. "मीही बसवून घेतली आहे, काकू. तुम्ही इतके महिने हेच वळण घेत होतात ना? ते धोक्याचं आहे, हे तुमच्या कंडरेने सगळ्यांना शिकवलंय."

"मग डाव्या हाताने करा."

"दोन्हीकडे आहे."

काकूंनी नर्सकडे पाहिलं. "आम्हाला तर नोकरीला लागतानाच बसवतात," ती खाली बघत म्हणाली.

"मी टाके घालून बंद करतो," डॉक्टर म्हणाले. "यंत्राने घालता येतील."

"खबरदार!"

खोलीत एवढी धडधाकट माणसं उभी होती आणि एकालाही साधं मनगट वळवता येत नव्हतं. काकूंचं डावं कोपर कधी दुखलं नव्हतं, म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. तो हात त्यांनी चादरीखालून बाहेर काढला.

"द्या ते इकडे."

"काकू, हा वेडेपणा आहे!"

"हात थांबतो तुमचा, तोंड तर चालतंय ना? कुठे खरवडायचं तेवढं सांगा."

मग नर्सने काकूंच्या हातावर निर्जंतुक हातमोजा चढवला आणि हत्यार त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते स्वतःच्या उघड्या हाडाला टेकवलं, ओठ घट्ट मिटले आणि मनगट वळवलं.

"थोडं खाली," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले.