चौथ्या डब्यातली डावी जागा

‘पाळणावेडे’ या गटात मी शिरले ती पाळण्यांच्या वेडाने नाही, भीतीने. भिंगरी, म्हणजे माझी मुलगी, सहाव्या वाढदिवसानंतर एकशे दहा सेंटिमीटरच्या रेघेला टेकली, आणि करमणूक पार्कातल्या ‘गोगलगाय’ नावाच्या छोट्या रोलर कोस्टरमध्ये एकटीने बसायची तिला परवानगी मिळाली. परवानगी पार्कने दिली होती, मी नव्हती दिली. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आहे. भीती वाटली की मी आकडे शोधते. शोधता शोधता हा तीस-एक जणांचा गट सापडला. ही माणसं दर आठवड्याला पार्कात जाऊन कुठला नट गंजला, कुठला पट्टा उसवला, कुठे रंगाचे पोपडे निघाले, याची नोंद ठेवायची.

नवरा म्हणाला, “लोक पोरांना घेऊन मजा करायला जातात. तू तपासणीला जातेस.”

मी म्हटलं, कोणीतरी जायला हवं ना.

मी गटात आले त्याच सुमाराला पार्कने जाहीर केलं की मोसम संपताना गोगलगाय बंद होणार, आणि तिच्या जागी चुंबकाच्या जोरावर सुटणारा एक उंच, नवा कोस्टर येणार. गटात दोन तट पडले. तरुण मंडळींना नव्याचं अप्रूप होतं. त्यांचं म्हणणं, आठवणींवर गंज चढत नाही, रुळांवर चढतो, तेव्हा भावनेच्या भरात पोरांना तिथे बसवू नका. जुन्यांचं म्हणणं, नवे सगळे एका साच्यातले, त्यांना ना आवाज ना वास. या दोघांच्या मध्ये होते घड्याळवाले काका. काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि एकोणीस वर्षांच्या नोंदींची एक वही होती. ते एकदाच बोलले. नवा पाळणा कोणीही उभारतो, म्हणाले, पार्क कसा आहे ते कळतं जुन्याला कोण तेलपाणी करतं त्यावरून.

मला काका आवडले. हा माणूसही माझ्यासारखा मोजायचा.

गोगलगाईची गाडी सहा डब्यांची. एका डब्यात दोन जागा, प्रत्येक जागेला वेगळा लोखंडी दांडा, मांडीवर येणारा. ऑपरेटर तो खाली दाबते तेव्हा आत खाचांच्या पट्टीवर टक, टक असा आवाज होतो. मांडीला टेकला की थांबतो. रिकाम्या जागेवर दांडा अगदी तळापर्यंत जातो, आठ टक. मोठ्या माणसाला तीन, फार तर चार. काकांनी मला हे शिकवलं आणि म्हणाले, “रंग बघू नकोस पोरी, ऐक. रंग खोटं बोलतो.”

मला गोल फिरलं की मळमळतं. म्हणून पहिल्या दिवशी भिंगरी एकटी बसली आणि मी कठड्याशी उभी राहिले. ऑपरेटर मावशी, केसांत पांढऱ्या बटा, हातात जाड रबरी मोजे, एकट्या मुलांना उजवीकडे बसवत होत्या. भिंगरीला चौथा डबा मिळाला. मावशींनी तिचा दांडा दाबला. पाच टक. मग शेजारच्या रिकाम्या जागेचा.

पाच टक. थांबला.

मावशींनी तो हलवून पाहिला नाही. पुढच्या डब्याकडे गेल्या.

मी घाबरले, पण साध्या कारणाने: दांडा अडकतोय म्हणजे देखभाल धड नाही, आणि तिथे माझी मुलगी बसली आहे. गाडी निघाली. चढावर करकरली, उतरली, उजव्या वळणावर आली. तिथे सगळ्यांची अंगं डावीकडे फेकली जातात. दुसऱ्या डब्यातला एकटा बसलेला मुलगा सीटभर घसरला आणि खिदळला. भिंगरी त्याच्याहून हलकी, तरी जागची हलली नाही. खांदा किंचित टेकवल्यासारखी बसली होती.

उतरल्यावर म्हणाली, “आई, मला नेहमी चौथाच हवा.”

“का गं?”

“तिथे डावीकडून वारा लागत नाही.”

मी त्याच संध्याकाळी तक्रार लिहून गटात टाकली. लगेच कोणीतरी हसण्याचं चित्र पाठवलं: आली, चौथ्या डब्याची तक्रार आली. ती म्हणे गटाची जुनी ओळख होती, प्रत्येक नवा सभासद एकदा तरी ती करायचाच. पुढच्या रविवारी काकांनी वही आणली आणि पार्कातल्या बाकावर माझ्यासमोर उघडली.

चौथा डबा, डावी जागा. काकांनी नोंदी सुरू केल्या त्या मोसमात दांडा सात टकांवर थांबत होता. नवव्या मोसमापर्यंत सातच. पुढची नऊ वर्षं सहा. आणि या वर्षीपासून पाच.

“बदलत नाहीत का?” मी विचारलं.

बदललं होतं सगळं. दांडा बदलला, खाचांची पट्टी बदलली, एकदा तर अख्खा डबा काढून त्या जागी दुसरा जोडला. काढलेला डबा मागे सहाव्या जागी लावला, तिथे तो आठ टक मुकाट्याने खाली जायला लागला. आणि चौथ्या जागी आलेला नवा डबा सहावर थांबला. मेकॅनिकना कधी काही सापडलं नाही, कारण ते सकाळी तपासायचे, दरवाजे उघडायच्या आधी. सकाळी तोही आठ. लोक आत आले की नाही.

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, “चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतोय. झिजलेली वस्तू सैल होते. ही घट्ट होत चाललीय.”

आणि त्यांनी वही मिटली.

मी घरी जाऊन पार्काच्या अपघातांची जितकी माहिती मिळेल तितकी चाळली. गोगलगाईवर तीस वर्षांत एकही अपघात नव्हता. एक चक्कर, एक खरचटलेलं कोपर, बस. नोंद सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला शाळेसाठी तयार करत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीच्या, शेजारी तारखा. तिच्या वेण्या घालता घालता माझी नजर त्या रेघांवरून वर चढली. खालची, तिच्यावरची, तिच्यावरची. आणि सात, सहा, पाचचा अर्थ लागला. मला तो लावायचा नव्हता. मांड्या भरत गेल्या की दांडा वर थांबतो, इतकंच.

“आई, दुखतंय,” भिंगरी म्हणाली. मी तिची वेणी फार घट्ट ओढली होती.

नवऱ्याला मी हे सांगायचा एक प्रयत्न केला. त्याने नीट ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला की नऊ वर्षांत एक खाच या वेगाने कुठलंच मूल वाढत नाही, हे तुझं तुलाच कळायला हवं, तू शिकलेली आहेस. त्याचं बरोबर होतं. तो तर्काने बोलत होता आणि मी मान डोलावली. मग त्याने विचारलं, एवढी भीती वाटते तर तिला नेतेस कशाला? न्यायचं बंद केलं असतं तर भिंगरी रडली असती, हे खरं. पण त्या आठवड्यात मला सारखं दिसत होतं ते वेगळंच: पार्क बंद होण्याची वेळ, आणि चौथा डबा.

बंद व्हायच्या आदल्या रविवारी मी ऑपरेटर मावशींना गाठलं. त्या उभ्या उभ्याच जेवणाचा डबा उघडून पोळीचा तुकडा मोडत होत्या.

“डावीकडे कोणालाच का बसवत नाही?”

“दांडा नीट बसत नाही.”

“सकाळी बसतो म्हणे.”

“सकाळी कुठे कोण असतं.”

त्यांनी घास चावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला इथे एकवीस वर्षं झाली. पोरं उतरतात, त्या फाटकातून बाहेर पळतात. प्रत्येकाला घ्यायला कोणी ना कोणी उभं असतं. प्रत्येकाला.” आणि डब्याचं झाकण लावलं.

शेवटच्या रविवारी दुपारी सगळे पाळणावेडे जमले. शेवटची फेरी चार वाजता. कोणी टोप्या करून आणल्या होत्या. गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या, तुटक्या शिंगाच्या गोगलगाईच्या डोक्यासोबत सगळ्यांनी फोटो काढले, नव्या कोस्टरवाल्या तटानेही. त्यातला एक डोळे पुसत होता, त्याला बाकीच्यांनी पुरेसं छळलं.

मी ठरवून आले होते. भिंगरीला तिसऱ्या डब्यात काकांच्या शेजारी बसवलं. ती रुसली. मी म्हटलं, आज चौथ्यात मी बसणार.

“तुला मळमळेल,” ती म्हणाली.

“मळमळू दे.”

रांगेत अजून माणसं होती. बाकी सगळ्या जागा भरल्या, तरी माझ्या डावीकडे कोणी आलं नाही. मावशींनीही कोणाला बोलावलं नाही. त्या दांडे दाबत आल्या. काकांना तीन. भिंगरीला पाच. मला चार. मग त्या माझ्यावरून वाकल्या.

पाच.

इतक्या जवळून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. शेवटचा टक वेगळा होता. लोखंड लोखंडावर आदळतं तसा नव्हता. मऊ होता.

गाडी निघाली. ग्रीसचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास. चढावर समोर भिंगरीच्या दोन वेण्या हलत होत्या. मी दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि डावीकडे बघत नव्हते.

उजवं वळण आलं.

मी डावीकडे सरकायला हवं होतं. वजन आहे, वेग आहे, मधे अडसर नाही. साधं गणित.

सरकले नाही.

खांद्यापासून कोपरापर्यंत मला कशाचा तरी आधार होता. थोडा उबदार. भिंगरी झोपेत टेकते, तेवढाच.

आणि वारा खरंच लागत नव्हता.

गाडी फलाटाला लागली. सगळे दांडे एकदम सुटून वर गेले. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, माणसं उतरली. भिंगरी धावत आली आणि तिने माझा उजवा हात धरला. लोक फाटकाकडे चालू लागले. मावशी लिव्हरपाशी उभ्या होत्या, मोजे काढलेले. त्या कोणाला घाई करत नव्हत्या. त्या चौथ्या डब्याकडे बघत होत्या, आणि मग माझ्याकडे.

उद्या सकाळी हे सगळं कापायला माणसं येणार होती.

इतके आठवडे मी माझ्या मुलीला त्या जागेपासून कसं लांब ठेवायचं याचाच विचार केला होता. त्या क्षणी मात्र मला फक्त एवढंच दिसलं की सगळ्यांना घ्यायला कोणीतरी आलं आहे.

मी डावा हात थोडा पुढे केला. कोणी बघत असेल तर तोल सावरते आहे असं वाटावं, इतकाच.

“चल,” मी म्हटलं. “घरी जाऊ.”

“मी तर इथेच आहे,” भिंगरी म्हणाली.

हातात काही आलं नाही. मलाच लाज वाटली आणि आम्ही निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा मागे मावशी नियमाप्रमाणे रिकाम्या गाडीचे दांडे खाली करत होत्या. काका वही घेऊन कठड्याशी थांबले होते. मी न वळता मोजलं. पहिला डबा, आठ, आठ. दुसरा. तिसरा. चौथ्याचा उजवा, आठ.

चौथ्याचा डावा.

आठ.

काकांनी लिहून घेतलं. नंतर गटात त्यांनी टाकलं, शेवटच्या दिवशी का होईना, दुरुस्त झाला. खाली भरपूर टाळ्यांची चित्रं आली. त्या दिवशी फाटकातून मी वळून पाहिलं तेव्हा मावशी त्यांच्या स्टुलावर बसल्या होत्या. एकवीस वर्षांत त्यांना कोणी बसलेलं पाहिलं नसावं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. गोगलगाईच्या जागी मोठे खांब उभे राहिले आहेत. गटात रोज वाद चालतो, किमान उंची एकशे वीस ठेवली ते योग्य की नाही. भिंगरी एकशे तेरा आहे. काका विचारतात, येणार ना उद्घाटनाला? मी बघते म्हणते. माझी भीती कमी झाली आहे असं नवऱ्याचं मत आहे. त्याला त्यात समाधान आहे, आणि मी ते मोडत नाही.

भिंगरीला आमच्या गाडीत आता उंच बैठक पुरते. तिची लहानपणीची पट्ट्यांची सीट नणंदेच्या बाळाला द्यायची ठरली होती. मी दिली नाही. मागे डाव्या बाजूला ती तशीच बसवलेली आहे. नवऱ्याने एकदा विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, असू दे, काढायला वेळ नाही. निघताना मी तिचेही पट्टे लावते, रिकामे लोंबले की बकल दारावर आपटतं म्हणून.

गेल्या मंगळवारी बकल लागेना. पट्टा ओढून पाहिला, पीळ पडलाय का ते पाहिलं. नव्हता. शेवटी एक खाच सैल केली, तेव्हा लागलं.

काकांच्या वहीत एका खाचेला नऊ वर्षं लागली होती.