बर्फात झील कुणी धरली

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं. पण ही कथा रचलेली नाही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलेलं आहे हे, आणि वहिनी खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

गेल्या जानेवारीतला शनिवार. मनालीच्या पुढे, एका गावाजवळचं पठार. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांचं पोट त्यावर आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

वहिनीचं नाव सुरेखा. दिल्लीत, द्वारकेला एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर एकटी राहते. माझा भाऊ, पद्माकरदादा, जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. मुलगा शार्दूल आणि सून मयुरा गुरगावला. रविवारी येतात, जेवतात, डबे घेऊन जातात. मग घर पुन्हा तिच्या एकटीचं. संध्याकाळी ती बाल्कनीत बसून विमानतळाकडे उतरणारी विमानं बघायची.

"कुणीतरी कुणाकडे तरी येतंय," म्हणायची.

एक सांगायला हवं. वहिनी कीर्तन करायची. पोटापाण्याचं नाही, हौसेचं. रामनवमीला आमच्या मंडळात तिचंच कीर्तन. नऊवारी नेसून, झांजा घेऊन ती उभी राहिली की दिवसभर ऑफिसात पिचलेली माणसंही जागची हलत नसत. मी किती कीर्तनं ऐकली असतील, पण तिच्यासारखा गोडवा थोड्या ठिकाणी मिळाला.

आणि तिच्या मागे, टाळ घेऊन, दादा.

ज्यांनी कीर्तन ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढचा नाम अर्ध्यावर सोडतो, मागे उभा असलेला ते उचलतो आणि पुरं करतो. याला झील धरणं म्हणतात. "श्रीराम जय राम..." वहिनी सोडायची. "जय जय राम" दादा उचलायचा. पुढच्याने मागे वळून बघायचं नसतं. मागे कुणीतरी आहे, ह्या भरवशावरच तर ओळ अर्धी सोडायची.

दादा गेला आणि वहिनीने झांजा कपाटात ठेवून दिल्या. मंडळाच्या विजयालक्ष्मीबाईंनी खूपदा विनवलं.

"मागे कुणी नाही, तर पुढे उभी राहून काय करू?" एवढंच म्हणाली.

तिला जरा बाहेर काढावं म्हणून शार्दूलने ती सहल ठरवली.

"स्कीइंग आहे आई. पण डोंगरावरून घसरायचं वालं नाही. सपाट बर्फावर चालायचं फक्त. गाइड असतो बरोबर. बिल्कुल सेफ."

"आणि पडले तर?"

"मऊ पडशील. बर्फ आहे, आपल्या सोसायटीचं पार्किंग नाही."

"तुझ्या बापाने मला लोधी गार्डनच्या पुढे नेलं नाही, आणि तू निघालास बर्फात न्यायला."

"आई, इथली हवा बघा ना," मयुरा म्हणाली. "तिकडे निदान श्वास तरी घ्याल चार दिवस."

वहिनी गेली. नाही म्हणायलाही घरात कुणीतरी लागतं, असं नंतर म्हणाली मला.

गाइडचं नाव शंकर. त्याने तिच्या पायांत त्या पट्ट्या अडकवल्या. चार बोटं रुंद, आणि लांबीला तिच्याहून जास्त. बुटाचा चवडा तेवढा अडकतो, टाच मोकळी. दोन्ही हातांत काठ्या. पाय उचलायचा नाही, सरकवायचा.

"माताजी, कोई जल्दी नहीं है," शंकर हसून म्हणाला. "आराम से. एक... दो... एक... दो..."

शंकर सगळ्यात पुढे जायचा. त्याच्या पट्ट्यांनी बर्फात दोन सरळ चर पडायचे, रुळांसारखे. मागच्यांनी पाय त्या चरांतच ठेवायचे. त्याला तो लीक म्हणायचा.

"लीक मत छोड़ना. छूट जाए तो वहीं रुक जाना, आवाज़ देना."

त्याच्या मागे मयुरा, मग शार्दूल. शेवटी वहिनी. शार्दूल तिला मध्ये घेत होता, पण तीच ऐकेना. आपल्यामुळे पोरांचा खोळंबा नको.

एक-दो म्हणून तिला काही जमेना. पाय एकीकडे, काठी दुसरीकडे. मग कधी कोण जाणे, तोंडात नाम आलं. डावा पाय, श्रीराम. उजवा पाय, जय राम.

आणि पाय सरकायला लागले.

देवदारांमधून वाट होती. बाजूला पांढरं, वर पांढरं. पुढे शार्दूलचं लाल जाकीट. वहिनीला बरं वाटलं. किती दिवसांनी गात होती. दोन वर्षं मिटलेला गळा जरा मोकळा झाला, आणि जुन्या सवयीने तिने नाम अर्ध्यावर सोडलं.

"श्रीराम जय राम..."

आणि मागून...

"जय जय राम."

हळू. पण स्वच्छ.

शार्दूल असेल, तिला वाटलं. लबाड, मुद्दाम मागे राहिला आईसाठी. ती हसली. तिने पुन्हा सोडलं, मागून पुन्हा उचललं गेलं. सुरात. अगदी जिथे उचलायला हवं तिथे.

मग तिने मान वर केली.

लाल जाकीट पुढेच होतं.

मयुरा त्याच्या पुढे. शंकर त्याच्याही पुढे.

वहिनी थांबली. तिच्या पट्ट्यांचा आवाज थांबला.

आणि मागे... एकदाच... सर्र.

तिच्यानंतर कुणीतरी थांबलं होतं.

तुम्ही म्हणाल, वळून का नाही बघितलं? मीही तेच विचारलं. ती म्हणाली, "वळायचं नसतं गं. आणि वळले असते, आणि कुणी नसतं, तर?"

तिला कोण हवं होतं हे मी सांगायला नको.

ती पुन्हा चालू लागली. पुन्हा गाऊ लागली. एव्हाना ढग खाली उतरायला लागला होता. झाडांचे शेंडे गेले. मग झाडं गेली. लाल जाकीट फिकट झालं, गुलाबी झालं, आणि नाहीसं झालं. वारा नव्हता. कावळासुद्धा नव्हता. नाम तेवढं होतं, पुढे अर्धं आणि मागे अर्धं.

दादाची एक खोड होती. शेवटचा "राम" तो दम संपेपर्यंत लांबवायचा आणि मग हळूच खाकरायचा. मंडळातली पोरं त्याची नक्कल करायची. वहिनी आता त्या रामाची वाट बघत होती. कान मागे लावून.

"श्रीराम जय राम..."

"जय जय राम."

तुटक. जिथल्या तिथे संपलेला.

तिने पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच.

तो दादा नव्हता.

ती गप्प झाली. मागचाही गप्प झाला. ती तशीच पाय सरकवत राहिली, ओठ घट्ट मिटून, पोरांपर्यंत पोचायचं एवढंच मनात धरून.

थोडा वेळ काहीच नाही.

मग...

"श्रीराम जय राम..."

आवाज मागून नव्हता आला. पुढून आला होता. पुढून, आणि थोडा डावीकडून.

आणि तिथेच सुटला. अर्धा.

ज्याचं आयुष्य कीर्तनात गेलंय त्याला अर्धं नाम ऐकवून बघा. शिंक अडवता येईल एक वेळ, हे अडवता येत नाही. वहिनीने ठरवलं नव्हतं. तिच्या तोंडून गेलं.

"जय जय राम."

आणि पाय त्या आवाजाकडे सरकले.

पुन्हा तिकडून अर्धं. पुन्हा इकडून अर्धं. पायांखाली चर लागत होते, सरळ आणि घट्ट. म्हणजे लीक सुटलेली नाही, तिला वाटलं. पोरांच्याच मागे चाललोय आपण.

मग तिने डावी काठी टेकली आणि ती टेकलीच नाही.

आत गेली. मुठीपर्यंत. खाली काही नव्हतंच.

वहिनी आडवी पडली. तोंडात बर्फ, नाकात बर्फ. एक पट्टी तिरकी अडकली, म्हणून ती पुढे घसरली नाही.

"श्रीराम जय राम..."

आता अगदी जवळ होता.

तिला बोलताच येईना, तोंड बर्फाने भरलेलं.

"श्रीराम जय राम..."

"वासंती," ती मला म्हणाली, "त्या आवाजात धाक नव्हता गं. असता तर मी किंचाळले असते. तो नुसता वाट बघत होता. संध्याकाळी दाराकडे कान लावून बसतं ना माणूस, तसा."

तिने बर्फ थुंकला. श्वास घेतला. ती ते पुरं करणार होती.

"आई... ए आई..."

शार्दूल ओरडत येत होता.

त्यांनी तिला ओढून मागे घेतलं. ढग जरा हलला तेव्हा दिसलं. काठी जिथे आत गेली होती तिथे बर्फाखाली जमीन नव्हतीच. नाल्याच्या काठावर पुढे आलेला नुसता बर्फाचा छज्जा होता. खाली बघून मयुराने वहिनीला आणखी मागे ओढलं.

"कुणाबरोबर गात होतीस?" शार्दूलने विचारलं. "आम्हाला दोन आवाज येत होते. मी म्हटलं, मागून दुसरा ग्रुप येतोय. म्हणून तर थांबलो नाही. मग आवाज डावीकडे जायला लागले, तेव्हा मागे फिरलो."

"आज और कोई ग्रुप ऊपर नहीं आया," शंकर म्हणाला.

तो बर्फाकडे बघत होता. मग सगळेच बघायला लागले.

वहिनी मूळ वाट सोडून बरीच डावीकडे आली होती. पण ती कोऱ्या बर्फात आली नव्हती. तिथे आधीपासून चर होते. ताजे, दोन सरळ. ती पडली त्या जागेपासून पुढेही ते तसेच गेले होते, काठापर्यंत. आणि काठावर संपले होते.

त्या पुढच्या चरांच्या दोन्ही बाजूंना काठ्यांच्या खुणा नव्हत्या.

एकही नाही.

काठी पोचेल तिथवरचे चर शंकरने पुसून टाकले. मग म्हणाला, "चलो माताजी. अब आप मेरे आगे चलेंगी."

दुसऱ्या दिवशीच ते दिल्लीला परत आले.

आम्हाला तेव्हा कुणीच काही सांगितलं नाही. उलट आम्ही खूश, कारण रामनवमीला वहिनीने आपण होऊन झांजा बाहेर काढल्या. विजयालक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा नातू चिन्मय टाळ घेऊन वहिनीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"तू पुढे बस, बाळा," वहिनी म्हणाली.

"काकू, मग झील कोण धरणार?"

"बस तू."

तिने नाम सोडलं, अर्ध्यावर. मागे कुणी नव्हतं. हॉल गप्प. लोकांना वाटलं विसरली, म्हणून चार जणींनी ते पुरं केलं. पण वहिनीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मान किंचित कलती करून ती ऐकत होती.

मग समाधानाने पुढचं गाऊ लागली.

कीर्तन झाल्यावर मी तिला घरी सोडायला गेले. चहा टाकता टाकता तिने मला हे सगळं सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं.

"दादा असेल गं," मी म्हणाले. मला तो असायला हवा होता. माझा भाऊ तो.

"नाही. तुझ्या भावाचा राम मला ठाऊक आहे."

"मग कोण?"

"मी विचारलं नाही. असेल कुणीतरी. त्या बिचाऱ्यालाही पुढे कुणी मिळालं नसेल."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी उभी राहते तुझ्या मागे."

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मागे जागा नाही, वासंती."

उन्हाळा गेला, पाऊस गेला. ती खाते, पिते, हसते. पूर्वीपेक्षा बरी दिसते म्हणा ना. मीही मनाची समजूत घातली होती. एकटं माणूस आहे, देवाचं नाव घेतंय, सोबत वाटत असेल तर वाटू दे. रामनामाने कधी कुणाचं वाईट झालंय?

मग डिसेंबर आला आणि द्वारकेत धुकं पडलं. समोरची सोसायटी दिसेना. एका सकाळी मी फोन केला.

"काय वहिनी, झील धरतो का तो अजून?"

"आता तो पुढे असतो," ती म्हणाली. "मी धरते."



मी त्याच दुपारी नोएडाहून कपडे घेऊन आले. शार्दूलने बाल्कनीला जाळी बसवून घेतली. कबुतरं फार झाली आहेत, असं तिला सांगितलं. ती हसली. "लाव बाबा," म्हणाली.

तेव्हापासून मी इथेच आहे. उजाडताना बाहेर सगळं पांढरं असतं. वहिनी उठते, अनवाणी बाल्कनीत जाते, जाळीला बोटं लावून उभी राहते. मी तिच्या शेजारी. तिचं मनगट धरून.

बाहेर काही नसतं. रस्त्याचासुद्धा आवाज नसतो.

ती थांबते. ऐकते.

"जय जय राम," म्हणते.

आधीचं अर्धं मला ऐकू येत नाही. अजून तरी नाही. पण रोज थोड्या वेळाने माझ्या लक्षात येतं, की मीही श्वास रोखून, मान कलती करून उभी आहे.

ते ऐकू यावं म्हणून.