पानेवाली आणि धाकटा

"ढकलू नका! अहो, ढकलू नका म्हणते ना!"

रस्त्याच्या मधोमध एका व्हीलचेअरचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत रुतलं होतं, सिग्नल सुटायला आला होता, आणि एक उंच माणूस मागून जीव खाऊन खुर्ची रेटत होता. ती धावत गेली, गुडघ्यांवर बसली, चाक आडवं वळवून एका झटक्यात वर उचललं. गाड्यांचे भोंगे सुरू व्हायला आणि खुर्ची फुटपाथवर चढायला एकच गाठ पडली.

"असं रेटलं तर पुढच्या चाकाचा काटा मोडतो," ती धापा टाकत म्हणाली. "मग माझ्याकडेच घेऊन येता तुम्ही लोक."

खुर्चीतला माणूस काहीतरी बोलला. जीभ जड, शब्द एकमेकांत चिकटलेले. उंच माणसानं कान खाली नेला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "दादा म्हणतोय, या बाई आपल्या मागच्या जन्मीच्या आई असाव्यात. रागावणं तसंच आहे."

"भाषांतर बरोबर आहे ना, विचारा त्यांना."

दादा हसायला लागला. ते हसणं त्याला थांबवता येईना... डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच राहिला. तिनं ते हसू ओळखलं. नसांच्या या आजाराचं हसू असंच, एकदा सुटलं की आवरत नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावर, व्हीलचेअर दुरुस्तीच्या खोलीत ती सहा वर्षं काम करत होती. हातातले पाने कधी सुटत नसत म्हणून सगळं इस्पितळ तिला पानेवाली म्हणे. हातापायांच्या नसा एकेक करून मुक्या होत जाणारी माणसं तिनं डॉक्टरांइतकीच पाहिली होती. फरक एवढाच की डॉक्टर त्यांची नाडी बघत आणि ती मापं घेई. आधी पायांचा टेकू, मग हाताचा, मग मानेचा.

उंच माणूस दादाचा भाऊ निघाला. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. आता म्हणणारा एकटा दादाच उरला होता. धाकटा पोहायला शिकवायचा. खांदे तसेच होते, आणि अंगाला तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास.

त्यानंतर खुर्ची फारच बिघडायला लागली.

"हा स्क्रू परत सैल झाला," तिसऱ्या आठवड्यात धाकटा खिडकीशी उभा राहून म्हणाला.

तिनं स्क्रू उजेडात धरला. "हा आपोआप सैल होत नाही."

"झाला खरा."

"याच्यावर नाण्याचे ओरखडे आहेत."

"दादाची करामत असेल."

"दादांचे हात गेलं वर्षभर हलत नाहीत."

धाकट्याचे कान लाल झाले. तो खिडकीच्या कठड्यावर बोटानं रेघा मारत राहिला... "मग सरळच विचारतो. तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"वा! म्हणजे माझ्याकडेही काहीतरी बिघडलेलं आणायची सोय झाली."

रविवारी सकाळी ती तलावावर गेली. पाण्यात उतरताच तिचं सगळं धैर्य गळालं. तिच्या पाठीखाली त्याचा तळहात होता, नुसता टेकलेला. "मान सोड," तो हळूच म्हणाला. अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "पाण्याशी भांडू नकोस. तू सगळ्यांशीच भांडतेस."

"हात काढलास तर बघ!"

"काढलाय. केव्हाच."

ती तरंगत होती. वर कौलारू छपराच्या फटीतून ऊन पडत होतं, आणि तिला वाटलं, असं आपण गेल्या कित्येक वर्षांत कुणाच्या भरवशावर पाठ टेकलेली नाही. मान वळवून तिनं त्याच्याकडे बघितलं. तो मात्र स्वतःच्या दंडाकडे एकटक बघत होता, जणू तिथं एखादा किडा चालत असावा.

तसं त्याचं काहीतरी वेगळंच असायचं. जिन्यातून उतरताना शेवटच्या पायरीवर थांबून तो चवड्यांवर उभा राही. एका पायावर, मग दुसऱ्यावर. तिला आधी तो त्याचा चाळा वाटला. तिनं त्यावरून त्याला चिडवलंही. "बगळा!" तो हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

खुलासा केला तो दादानं. मानेचा टेकू बदलायला ती त्यांच्या घरी गेली होती आणि धाकटा औषधाला खाली गेला होता. तोवर दादाचा आवाज पुरता गेला होता. पारदर्शक पाटीवर अक्षरं होती. तो डोळ्यांनी अक्षर दाखवी आणि समोरच्यानं जुळवत जायचं. तिनं जुळवलं. *त्याला. विचार. चवडे. का.*

धाकटा आला तशी तिनं दारातच विचारलं. त्यानं दादाकडे बघितलं. "चहाडखोर," म्हणाला, आणि औषधाची पिशवी हातात तशीच धरून सांगायला लागला.

बहुतेकांना हा आजार घराण्यातून येत नाही. यांच्याकडे येतो. आधी बाबा, मग आत्या, आता दादा. दादाचं रक्त तपासलं तेव्हा जनुकातली चूक सापडली. ती धाकट्यातही असण्याची शक्यता निम्मी. "रोज सकाळी मी बटणं लावून बघतो, चवड्यांवर उभा राहतो. दंडावर जरा काही फडफडलं की दिवस गेला."

"आणि तपासणी?"

"संशोधनासाठी रक्त दिलंय. त्या नळीवर फक्त नंबर असतो, निकाल आपल्याला सांगत नाहीत. आपल्याला हवा असेल तर वेगळी तपासणी. त्या नळीला ठाऊक आहे, मला नाही. आणि बरं चाललं होतं माझं..." तो थांबला. "तू आलीस आणि पंचाईत झाली. न सांगता तुझ्या जवळ येणं म्हणजे चोरी. आणि सांगायचं, तर काय सांगू? निम्मं?"

तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. तेवढंच तिला सुचलं.

धाकट्यानं ती वेगळी तपासणी करायचं ठरवलं. त्याआधी समुपदेशक बाईंकडे दोनदा जावं लागलं. बाई शांत, सावकाश बोलणाऱ्या. "जाणून घ्यायचा हक्क आहे, तसा न जाणण्याचाही आहे," त्या म्हणाल्या. "एकदा कळलं की ते परत नकळतं करता येत नाही. कुणासाठी करताय हे?"

"माझ्यासाठी," धाकटा म्हणाला. बाईंनी पानेवालीकडे पाहिलं. ती मान खाली घालून नखात गेलेलं वंगण काढत होती.

रक्त दिलं. पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत दोघं कधी नव्हे इतकं हसले, उगाचच्या गोष्टींवर भांडले, आणि एकदा भर बाजारात, भाजीच्या पिशव्या दोघांच्या मध्ये धरून, त्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले.

निकालाच्या दिवशी बाईंनी प्रस्तावना केली नाही. "चूक तुमच्यातही आहे." मग त्यांनी सावकाश सांगितलं, आजार आज नाही, केव्हा सुरू होईल ते कुणालाच सांगता येत नाही, अशा लोकांवर नजर ठेवणारा एक अभ्यास चालू आहे, औषधांवर काम चालू आहे. धाकटा प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होता. शहाण्या मुलासारखा.

बाहेर, गाड्या लावायच्या जागेत तो म्हणाला, "तू जा."

"कुठे?"

"कुठेही. तुला या आजाराची बाराखडी पाठ आहे. तुला मी काय खोटं सांगू? जा... मी मनात काही धरणार नाही."

आणि ती गेली. हेच तिला पुढे कित्येक दिवस सलत राहिलं, की 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि पाय मात्र बसथांब्याकडे वळले.

घरी आईला सांगितलं. आई कणीक मळता मळता थांबली. "दिसत असताना खड्ड्यात पाय घालणार?" एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. ती कामावर जात होती, मापं घेत होती. एकदा एका गृहस्थांची मान मोजायला तिनं टेप लावला. त्या मानेच्या जागी तिला धाकट्याचीच मान दिसली. तिनं टेप गुंडाळला आणि साठ्याच्या खोलीत जाऊन टायरच्या ढिगाआड पोटभर रडून घेतलं.

नवव्या दिवशी दादा गेला. श्वासच पुरला नाही. तिला वॉर्डातल्या सिस्टरकडून कळलं. ती अंत्यविधीला गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार? दोन दिवसांनी तिच्या टेबलावर धाकट्याची चिठ्ठी आली: इस्पितळानं उसनी दिलेली खुर्ची परत न्यावी.

ती गेली तेव्हा त्यानंच दार उघडलं. दाढी वाढलेली. खुर्ची धुऊनपुसून भिंतीशी ठेवली होती. "सही कुठे करू?"

"मी पळाले," ती म्हणाली.

"मीच म्हटलं होतं."

"तू म्हटलंस म्हणून नाही. भ्यायले म्हणून पळाले. अजून भीती वाटते. तुझ्यापेक्षा जास्त वाटते, कारण पुढचं एकेक माप मला माहीत आहे. पण अकरा दिवस तुझ्यापासून लांब राहून भीती तसूभर कमी झाली नाही रे. तूच तेवढा कमी झालास."

तो खुर्चीची धुतलेली चाकं परत पुसायला लागला.

"दया आली म्हणून आलेली नाही मी. दया मला पगारावर दाखवावी लागते, ती घरी आणत नाही. तू मला आवडतोस. नाण्यानं स्क्रू सैल करणारा... तोच."

"मुलं?" त्यानं भिंतीकडे बघत विचारलं.

"बाईंना विचारू. त्यांच्याकडे त्याचेही मार्ग असतात म्हणे. नसले तर नसले."

"आणि सात-आठ वर्षांनी वैतागलीस तर?"

"वैतागेन की. मोठ्यानं वैतागेन. तुझ्या दादालाही पहिल्याच भेटीत कळलं होतं मी कशी आहे ते."

दादाचं नाव निघालं आणि धाकटा खाली बसला, तिथंच उंबऱ्यात. दोन दिवस अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. ती शेजारी बसली. खांद्याला खांदा लागला होता. शेजारच्यांचं दार उघडलं, मिटलं. ही दोघं उंबऱ्यातून हलली नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं. आई आली, रुसलेली होती, पण आली, आणि जावयाच्या हाताकडे टक लावून बघताना पकडली गेल्यावर तिनं घाईघाईनं त्याच हातात पेढा ठेवला.

त्या अभ्यासात आता धाकट्याचं नाव आहे. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, हातापायांची ताकद मोजायची, घरी यायचं. पहिल्या वेळी काही निघालं नाही. दुसऱ्या वेळी खिडकीवरच्या नव्या कारकुनानं फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"पेशंट कोण?"

"पेशंट कुणी नाही," पानेवाली म्हणाली. "अजून तरी."

कारकुनानं वैतागून वर बघितलं. "मग हे कोण उभे आहेत?"

"हे होय?" तिनं धाकट्याकडे पाहिलं. तो रांगेत, बाही वर दुमडून, दंड आधीच पुढे करून उभा होता.

"हा माझा नवरा. लिहा."