संमतीकुलूप

खुर्चीने तिसऱ्या खेपेलाही नकार दिला, तोवर तृप्ती वाघमोडेच्या उजव्या गालावरची सूज जबड्याची कड ओलांडून गळ्याकडे उतरायला लागली होती.

नकार मोठ्या अदबीने आला. "आपण थोड्या अस्वस्थ आहात. काही घाई नाही. आपण पुन्हा प्रयत्न करू," असं खुर्ची मऊ आवाजात म्हणाली आणि बाजूच्या पडद्यावरचा आकडा बहात्तरवर जाऊन थांबला. हा तिचा भीतांक. नाडी, श्वास, तळहाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून माणसाला शंभरपैकी किती भीती वाटते आहे, ते खुर्ची काढायची. आकडा चाळिसाच्या खाली आला की हत्यारांच्या खणाचं संमतीकुलूप आपोआप उघडायचं. एरवी डॉक्टरांनी डोकं आपटलं तरी ते उघडत नसे. घाबरलेल्या माणसाची संमती ही संमतीच नव्हे, असा आता कायदा होता.

कराडातल्या सगळ्याच दातांच्या दवाखान्यांत अशा खुर्च्या आल्या होत्या आणि लोक त्यांच्यावर खूश होते. खुर्ची पाठ चोळायची, पावलं शेकायची, कानाशी आवडीचं गाणं लावायची. तृप्तीचा नवरा निलेश तर दाढ भरून घेताना चक्क घोरला होता, आणि ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. "अगं, नुसतं पडून राहायचं," तो तिला म्हणायचा. "खुर्ची सगळं करते."

नुसतं पडून राहणं, तेच तर तिला जमत नव्हतं. दुसरीत असताना शाळेत दातांचं शिबिर आलं होतं. दोघांनी तिचे दंड धरले, एकीने कपाळ मागे दाबलं आणि ती नको नको म्हणत असतानाच दात उपटला. तेव्हापासून तिने लवंग, मिठाचं पाणी आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या यांच्यावर दिवस काढले होते. खुर्चीचे मऊ हात पाठीमागून खांद्यांवर आले की तिला ते शिबिर आठवायचं, आणि आकडा चढायचा. चढलेला आकडा पाहून तिला स्वतःचाच राग यायचा. मग तो आणखी चढायचा.

"गाणं बंद करा," ती म्हणाली. तोंड पुरतं उघडत नसल्यामुळे शब्द चावल्यासारखे येत होते. "मला आता भीती कमी वाटतेय, डॉक्टर. संताप आलाय."

"खुर्चीला दोन्ही सारखंच दिसतं," डॉ. नसीम बागवान म्हणाल्या. साठीच्या जवळ आलेल्या या बाई गेली तीस वर्षं याच पेठेत दात बघत होत्या. "संतापातही नाडी धावते, घाम येतो."

"मग घरून शांत व्हायची गोळी घेऊन येते."

"औषधाने उतरलेला आकडा धरत नाहीत."

"पूर्ण भूल देऊन?"

"ती मोठ्या रुग्णालयात. मी सकाळी फोन केला होता. सोमवारची वेळ देतायत."

"आज बुधवार आहे."

"हो ना. श्वास अडला तर लगेच घेऊ म्हणाले. तेव्हा संमती लागत नाही." बोलताना त्यांचा आवाज थोडा कडवट झाला. त्यांनी तृप्तीच्या जबड्याखाली बोटांनी हलकेच दाबून पाहिलं. "गिळताना दुखतंय?"

"काल रात्रीपासून. पाणीसुद्धा."

दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दोन निरनिराळी औषधं देऊनही तो हटत नव्हता, आणि दाढ निघाल्याखेरीज हटणारही नव्हता. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, तृप्तीला ठाऊक होतं. ज्या खुर्चीने त्या मुळाचं चित्र काढून पडद्यावर दाखवलं होतं, तिलाही ठाऊक असायला हरकत नव्हती.

"मी गाडी शिकवते," तृप्ती म्हणाली. तिचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. "आता गाड्या आपल्या आपण चालतात, तरी बायका येतात माझ्याकडे. हात थरथरत असतात त्यांचे. आधी भीती जाऊ दे, मग बसते, असं म्हणणारी एकही आजवर शिकली नाही. थरथरत्या हातांनीच चाक धरावं लागतं. मी घाबरलेय, डॉक्टर. सोमवारीही घाबरलेलीच असेन. पण चालत आलेय ना इथवर? कुणी धरून आणलंय का मला?"

"नाही."

"मग काढा दाढ."

डॉ. बागवान उठल्या. त्यांनी आतल्या कपाटातून भुलेची सुई आणि जुने चिमटे काढले. खेडोपाडी शिबिरं घेत असताना वापरलेले, कुठल्याही कुलुपाला न जोडलेले. ते निर्जंतुक होईपर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

"या खुर्चीत नको," शेवटी डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी एक साधी लाकडी खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली. "आधी नीट ऐका. सूज आहे, त्यामुळे भूल पुरती चढणार नाही. दुखेल. तुम्ही हात वर केलात की मी थांबेन. लगेच. पुन्हा सुरू करायचं ते तुम्ही सांगितल्यावर."

तृप्तीने मान हलवली. सुई आत शिरताना तिचा हात वर गेला आणि डॉक्टर खरोखरच थांबल्या. तिच्या तोंडातून हात बाहेर काढून त्या शांत बसून राहिल्या. बाहेर एक भाजीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज विरल्यावर तृप्तीने हात खाली घेतला. दाढ हलायला लागल्यावर तिने पुन्हा हात वर केला, आणि पुन्हा डॉक्टर थांबल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्यांदा हात खाली घेताना तिला जाणवलं, की दुसरीतल्या त्या दिवसापासून ती एवढ्याचीच वाट पाहत होती. भीती जायला नकोच होती. थांब म्हटल्यावर समोरचं माणूस थांबायला हवं होतं.

दाढ निघाली. पू वाहून गेला. रात्री तिने पेलाभर दूध न कळवळता घेतलं.

डॉ. बागवानांनी काही लपवलं नाही. नकार मिळालेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, असं खुर्चीने दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं. पंधरवड्याच्या आत दवाखान्याला टाळं लागलं, आणि चौकशीत साक्ष द्यायला तृप्तीला साताऱ्याला बोलावणं आलं.

चौकशी अधिकारी शेवाळे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी पाणी मागवलं, तब्येत विचारली. मग शिपायाने तिच्या मनगटाला एक पातळ पट्टी बांधली. "साक्षीची पद्धत आहे," शेवाळे म्हणाले. "दाढ काढा असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तुम्ही घाबरलेल्या होता का?"

भिंतीलगतच्या बाकावर डॉ. बागवान बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खोटं बोलायचं तृप्तीच्या मनात येऊन गेलं, पण ज्या गोष्टीसाठी ती इतकी भांडली होती, तीच त्या खोट्याने बुडाली असती.

"हो," ती म्हणाली. "खूप घाबरले होते. आणि दाढ काढा, हेही मीच म्हणाले. शुद्धीवर, स्वतःच्या तोंडाने."

"दोन्ही एकदम खरं धरता येत नाही, बाई."

"का नाही? दोन्ही एकदमच झालं की."

शेवाळ्यांनी टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. उत्तर द्यायचं त्यांच्याही जिवावर आल्यासारखं दिसलं.

"तुमचा भीतांक आत्ता चौसष्ट दिसतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे घाबरून दिलेली साक्ष झाली ही. ती ग्राह्य धरायची की नाही, हेच आधी ठरवावं लागेल. तुम्ही शांत झालात की पुन्हा या."

तृप्ती उठली नाही. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि आवाज जेवढा स्थिर करता येईल तेवढा केला.

"साहेब, तुमच्यासमोर यायची ज्याला भीती वाटत नाही, त्याचंच म्हणणं तुम्ही लिहून घेणार असाल," ती म्हणाली, "तर आम्ही बाकीच्यांनी जायचं कुणाकडे?"