गारांआधीचं गाणं

कळसच्या शिवारात हिंदुरावांची द्राक्षबाग होती आणि बागेच्या कडेला बंद पडलेली पोल्ट्री. तिच्या पत्र्याखाली ‘वखर’ बँडची तालीम चालायची. हिंदुरावांची वृषाली गायची, तिचा धाकटा भाऊ अविराज गिटार वाजवायचा आणि बारामतीचा संदेश ड्रम बडवायचा. हार्ड रॉक म्हणजे काय ते गावाला ठाऊक नव्हतं. लोकांनी आधी नावं ठेवली. मग बारामतीतला कार्यक्रम गाजला, तशी तीच माणसं पोल्ट्रीबाहेर येऊन उभी राहू लागली.

मार्चमध्ये त्यांनी पहिलं गाणं तिथंच रेकॉर्ड केलं. आभाळ कोरं होतं, पान हलत नव्हतं. ऐकायला बसले, तर गिटारमागं पत्र्यावर तडतड ऐकू आली.

“माइकची खरखर असंल,” संदेश म्हणाला.

वृषालीला ते पटलं नाही. आधी एखादा टणका, मग सगळा पत्रा एकदम. गारांचा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती.

त्याच आठवड्यात गारपीट झाली. आधी एखादा टणका, मग सगळा पत्रा. निम्मी बाग झोडपली गेली.

दुसऱ्या गाण्यातही गारा वाजल्या, तेव्हा ती तडक वडिलांकडं गेली. “आबा, उरल्याला माल आजच काढा.”

“आभाळात काय हाय का बघ की.”

“ऐका माझं.”

तिच्या तोंडाकडं बघून हिंदुरावांनी माणसं बोलावली. माल बाजारात पोचला आणि मागोमाग गारा रिकाम्या वेलींवर पडल्या. त्यांनी लेकीला काही विचारलं नाही. तेव्हापासून जेवताना एवढंच म्हणायचे, “नवं गाणं कवा?”

तिसरं गाणं पुण्याच्या महोत्सवासाठी होतं. निवड झाली तर पहिल्यांदाच मोठा स्टेज मिळणार होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये गारांनी गाणं पार बुडवलं. पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि त्यातून वृषालीचा आवाज.

“अव्या, ऊठ. ऊठ की रं.”

अविराजनं हेडफोन काढला. “ताई, तू असं म्हणली नव्हतीस.”

“म्हणणार बी न्हाय.”

“राहू दे हे गाणं,” संदेश म्हणाला.

“का? बाहेर अंगणात परत रेकॉर्ड करू. पुण्याला पाठवू. गारा पडतील तवा अव्या पत्र्याखाली नसंल, बास.”

तिनं तसंच केलं. गाणं पाठवलं, वाद्यं घरात आणली, पोल्ट्रीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. भाऊ मोटर चालू करायला निघाला, तरी ती पाठोपाठ निघायची. तो वैतागला. तिनं ऐकलं नाही.

एका दुपारी इंदापूरच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं. संदेशही त्यांच्याच घरी होता. वृषालीनं अविराजला स्लॅबच्या खोलीत बसवलं आणि त्याचं मनगट धरलं.

पहिला टणका पडला.

मग सगळं शिवार वाजू लागलं. दारात उभे राहिलेले हिंदुराव दोन पावलं मागं सरले.

लांब कुठंतरी पत्रा फाटला.

ते शब्द तिच्या जिभेवर आले. तिनं दात आवळले.

“ताई, हात सोड. दुखतंय.”

तिनं सोडला नाही.

गारा थांबल्या. तिच्या तोंडून एक शब्द गेला नव्हता. अविराज समोर बसून मनगट चोळत होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

संध्याकाळ व्हायच्या आधी तिघं पोल्ट्री बघायला गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत मधला पत्रा फाटून लोंबत होता आणि जमिनीवर गारांचा पांढरा थर साचला होता.

थराच्या मधोमध एक जागा कोरडी होती. डोकं, खांदे, एक हात डोक्याखाली घेतलेला. अविराजएवढी उंची.

संदेश खाली बसला. त्यानं त्या जागेवर तळहात टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“ऊब हाय अजून,” तो म्हणाला.