एका तारखेची एकच फाइल

ऑफिसात त्याला सगळे ‘शिस्तवाले’ म्हणत. ढीगभर फाइलींची नावं एका दमात बदलणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहिणं हे त्याचं काम. आधी तारीख, मग क्रमांक. बाकी पाल्हाळ नको. बायको हसायची. “एक दिवस माझंही नाव बदलशील. बायको, शून्य-शून्य-एक.”

ती बोलकी, आणि हा कानाला हेडफोन लावून बसलेला. म्हणून ती आपलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची आणि ते त्याच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये टाकायची. बोलून झालं की फाइलीला नाव द्यायची. आधी तारीख, पुढे अख्खं वाक्य: ‘जिन्यातला दिवा पुन्हा गेला’, ‘आज उगाचच बरं वाटतंय’. दिवसाला चार-चार. तो म्हणायचा, “राहू दे तिथे, सवडीने ऐकतो.”

सवड मिळाली ती बायको गेल्यावर.

एका दुपारी त्याने ते फोल्डर उघडलं. ऐकायचा धीर होईना, म्हणून हात सवयीच्या कामाकडे वळले. एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली: तारीख ठेवायची, पुढचं कापायचं. क्रमांक जोडायचा राहून गेला. एकाच दिवसाच्या फाइलींना एकच नाव मिळालं आणि प्रत्येक फाइल आधीचीला गिळत गेली. यंत्राने काही विचारलं नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच प्रत्येक तारखेची एकच फाइल उरली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. तिच्या फोनमधलं सगळं पुसून त्याने तो आधीच मुलीला दिला होता.

“बाबा, आधी नुसती यादी काढून बघायची, मग हात लावायचा, हे मला तूच शिकवलंस ना?” मुलगी म्हणाली.

“शिकवलं खरं.”

“मग?”



उरलेल्या फाइली तो रोज सकाळी थोड्याथोड्या ऐकू लागला. एका सकाळी नुसत्या तारखांच्या मधोमध तारीख नसलेलं एक वाक्य दिसलं: ‘जिन्यातला दिवा पुन्हा गेला’. उघडलं. तिचाच आवाज, मागे नळाचं पाणी. गिळलेली फाइल अशी आपोआप परत येत नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने डिस्क तपासली, पासवर्ड बदलला, इंटरनेटची वायर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी काही आल्या. मग त्याने तपास सोडून दिला. बुडत्याला काडीचा आधार. काडी कुठून आली हे कोण विचारतो?

पुढच्या आठवड्यात मुलगी आली आणि यादी वाचू लागली. वाचता वाचता थांबली.

“ही कधीची? ‘कपाट खिडकीपासून हलवलंत, बरं केलंत’.”

“जुनी असेल.”

“कपाट आपण काल हलवलं, बाबा. दुसरी बाजू मी धरली होती.”



“बंद कर ते,” ती हळूच म्हणाली. “ऐकू नकोस.”

“इतकी वर्षं तेच केलं,” तो म्हणाला.

ती चपला घालून निघून गेली. दार लागलं.

त्याने हेडफोन लावले. यादीच्या तळाशी एक नवी फाइल होती. आजची तारीख, पुढे वाक्य नाही.

त्याने ती सुरू केली.

ऐकू नकोस, फाइलीतून मुलीचा आवाज आला. मग त्याचा स्वतःचा आवाज. मग चपला. दार.

मग नुसती खोली. आणि कोणाचा तरी संथ श्वास.

त्याने आपला श्वास रोखून धरला. कानातला चालूच राहिला.

यादीत त्या फाइलीचा आकार वाढत होता.

“बोल,” तो म्हणाला. “ऐकतोय मी.”

ते शब्द क्षणभराने हेडफोनमध्ये उमटले. अगदी जवळून, कोणी त्याच्या तोंडापाशी फोन धरावा तसे.