तिसऱ्या खंडाचा शेवट

इंग्लंडातल्या फालमथ बंदरातल्या वाचनालयात मी पुस्तकं द्यायचे. कादंबरी तीन खंडांत यायची, आणि घरी न्यायला एका वेळी एकच खंड मिळायचा. अडचणीत सापडलेला नायक कुठे धाडायचा, हे लेखकांचं ठरलेलं होतं. दुसऱ्या खंडात तो कलकत्त्याला जाई, तिसऱ्यात श्रीमंत होऊन परत येई. माझे वडीलही गेले होते. ते परत आले नाहीत. दर्यावर्दी माणसाच्या नादी लागायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

आणि मग सायलस पेंगेली आला... कलकत्त्याच्या जहाजावरचा दुय्यम अधिकारी, भिजलेली टोपी काखेत धरून. त्याला एका कादंबरीचा थेट तिसरा खंड हवा होता. तो रॉस्किलीबाईंकडे होता, आणि त्या एकेक पान चघळत वाचायच्या. सायलस रोज यायचा, माझा नन्नाचा पाढा ऐकायचा, तरी तासभर रेंगाळायचा. तो गेला की वाचनालय फारच मोठं वाटायचं.

एक दिवस म्हणाला, उद्या भरतीबरोबर जहाज सुटतंय.

"शेवट तोंडीच सांगा ना, मिस ट्रेवीन."

मी मनचाच सांगितला. नायक जातच नाही. बंदरात दोरखंडांचं दुकान टाकतो, संध्याकाळी घरी येतो.

"कंटाळवाणा दिसतोय गडी."

"असेल. पण घरी असतो."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "मी तो खंड मागेच ब्रिस्टलला वाचलाय."

माझे कान तापले. "मग रोज कशाला येत होतात?"

"रॉस्किलीबाई सावकाश वाचतात म्हणून."

मला हसू आवरेना... आणि रडूही.

"मॉर्वेना — वाट बघशील? तीन वर्षं?"

"पुस्तकात तीन वर्षं पान उलटलं की सरतात. माझ्या आईनं एकेक संध्याकाळ काढली. मला तुम्ही आवडता, सायलस. फार. म्हणूनच नाही बघणार."

जहाजाच्या करारावर त्याची सही झाली होती. आता माघार म्हणजे तुरुंग. त्यानं माझा हात क्षणभर धरला आणि गेला.

वसंतात हिचन्स बेकरीवाल्यानं मला मागणी घातली. भला माणूस, समुद्राकडे पाठ करून झोपणारा. आई तर हरखूनच गेली.

"माफ करा," मी त्याला म्हटलं, "माझं ठरलंय. तो कलकत्त्याहून यायचाय."